इतिहासाचार्य राजवाडे यांचा एकांत

१६५७ सालीं कल्याण आणि भिवंडी हीं दोन ठाणीं शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलीं, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. त्यापूर्वीं भिवंडीच्या खाडीकांठीं कोणाचें राज्य होतें, तेथील गांवें कोणीं वसविलीं आणि त्या गांवकऱ्यांना आपल्या राज्यकर्त्यांविषयीं काय वाटत होतें, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाहीं. भिवंडी तालुक्यांत लोनाडजवळच्या चौधरपाड्यास शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इ. स. १२४० चा, एक शिलालेख सांपडला आहे. त्यांत देवस्थानास दिलेल्या दानाची नोंद आहे. हा शिलालेख आणि महाराजांचे मावळे यांच्या मधलीं चारशें वर्षें उत्तर कोंकणांत कशीं गेलीं, हें ज्या थोड्या मराठी कागदांवरून कळतें त्यांत 'महिकावतीची बखर' अग्रगण्य आहे. महिकावती म्हणजे माहीम. ही बखर १९२४ सालीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं विस्तृत प्रस्तावनेसह छापून काढली.

या बखरींतील कांहीं प्रकरणें केशवाचार्य नांवाच्या लेखकानें शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८, मध्यें रचलीं. बाकीचीं निरनिराळ्या हातांनीं निरनिराळ्या काळीं जोडलीं गेलीं. वरवर पाहणाऱ्यास हा कुळांचा, गोत्रांचा आणि वतनांचा एक कंटाळवाणा गुंता वाटेल. राजवाड्यांनीं त्या गुंत्यांतून एक मोठा प्रश्न उभा केला. एकामागून एक राज्यकर्ते या पट्टींत आले व गेले. मूठभर माणसें लाखों लोकांवर राज्य करूं शकलीं. याचें कारण काय? त्यांचें उत्तर असें कीं, या देशांत अन्न सहज पिकत असल्यामुळें खेडुताला सरकार नांवाच्या वस्तूची फारशी गरजच भासली नाहीं. म्हणून तें कोणाचें आहे याविषयीं तो उदासीन राहिला. हें उत्तर सर्वांस पटणार नाहीं. दुष्काळांचा इतिहास ज्यानें वाचला आहे त्यास तर तें फारच सोपें वाटेल. पण कुळांच्या याद्यांतून असा प्रश्न उपटून काढणारी बुद्धि सामान्य नव्हती, हें कबूल करावें लागतें.

ही प्रस्तावना लिहिणारा गृहस्थ त्या वेळीं साठी ओलांडून गेला होता. त्याला संसार नव्हता, नोकरी नव्हती, निवृत्तिवेतन नव्हतें. ज्या संस्थेच्या स्थापनेंत त्याचा पुढाकार होता तिच्याशींहि त्याचें पटेनासें झालें होतें. असामान्य बुद्धीच्या माणसाला समाजांत कोणती जागा मिळते, आणि मिळालेली जागा त्याला कां टिकवितां येत नाहीं, या दोन्ही प्रश्नांवर इतकें बोलकें चरित्र महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांत दुसरें क्वचितच सांपडेल.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा जिल्ह्यांतील वरसई गांवचा. वडील लहानपणींच वारले. पुढें शिक्षणासाठीं पुणें आणि मुंबई झालें, पण तें सरळ रेषेंत कधींच झालें नाहीं. १८८२ मध्यें मॅट्रिक झालेल्या या विद्यार्थ्यास पदवी हातीं येण्यास आणखी आठ-नऊ वर्षें लागलीं. बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे. नेमलेलीं पुस्तकें त्यांना वाचवेनात आणि न नेमलेलीं सोडवेनात. इतिहास, तत्त्वज्ञान, व्याकरण, वनस्पतिशास्त्र, जें हातीं पडेल तें मुळापर्यंत वाचावयाचें, आणि वर्गांत मात्र जावयाचें नाहीं, असा त्यांचा क्रम होता. पुढें या दिवसांचा जमाखर्च त्यांनीं 'ग्रंथमाला' मासिकांत एका दीर्घ निबंधांत मांडला. शाळांनीं आपला किती वेळ फुकट घालविला याचा तो हिशेब इतका कठोर आहे कीं, वाचणाऱ्यास गुरुजनांची कींव येऊं लागते. त्यांचे वडील बंधु वैजनाथ काशिनाथ हे मात्र शिस्तीनें शिकून प्राध्यापक झाले आणि निरुक्ताचे पंडित म्हणून नांवाजले. इंग्रजी आद्याक्षरें दोघांचीं एकच. एकाच घरांतील दोन बुद्धिमान् भावांपैकीं एकाला संस्था मानवली आणि दुसऱ्याला ती जाचली, यावरून केवळ बालपणाला किंवा दारिद्र्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाहीं हें दिसतें.

पदवीनंतर राजवाड्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें आणि तें सोडलें. लग्न झालें होतें, परंतु पत्नी लवकरच निवर्तली. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. त्या काळच्या समाजांत तरुण विधुर महिन्या-दोन महिन्यांत बोहल्यावर चढत असे. राजवाडे चढले नाहींत. त्यामुळें एका बाजूनें ते मोकळे झाले. दुसऱ्या बाजूनें, दिवसाकाठीं ज्याच्याशीं घरगुती चार शब्द बोलावे लागतात असें एकहि माणूस त्यांच्या आयुष्यांत उरलें नाहीं. चरित्रकार पहिल्या गोष्टीचें कौतुक करतात. दुसरीचा उल्लेख क्वचित् करतात.

याच सुमारास त्यांनीं 'भाषांतर' नांवाचें मासिक काढलें. जगांतील उत्तमोत्तम ग्रंथ मराठींत आणावयाचे हा त्याचा उद्देश. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चें भाषांतर त्यांनीं स्वतः केलें. असें मासिक वर्गणीवर चालणें शक्य नव्हतें. तें कांहीं वर्षांत बंद पडलें. एवढ्यांत वाईस जुन्या कागदांचें एक घबाड त्यांच्या दृष्टीस पडलें आणि आयुष्याची दिशा ठरली.

तीं पानिपतच्या मोहिमेचीं पत्रें होतीं. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाविषयीं मराठी वाचकाला तोंवर बखरींतील कथा आणि १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा इतिहास, एवढेच आधार होते. वाईच्या दप्तरांत प्रत्यक्ष मोहिमेंतील पत्रें निघालीं. सदाशिवरावभाऊ रसदेची आणि पैशाची मागणी करीत आहेत, गोविंदपंत बुंदेल्यांना ताकीद देत आहेत, असा सर्व व्यवहार त्यांत उघडा पडला. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला. त्याला जोडलेल्या प्रस्तावनेंत त्यांनीं भाऊसाहेबांवरील आरोपांची एकेक करून छाननी केली आणि डफच्या चुका तारीखवार दाखविल्या. पुढें या मालेचे बावीस खंड निघाले.

बावीस खंड हा आंकडा उच्चारण्यास सोपा आहे. पेशव्यांचें मुख्य दप्तर पुण्यांतच होतें, पण तें सरकारच्या कुलुपांत. खाजगी संशोधकास तेथें प्रवेश नव्हता. तें दप्तर धुंडाळून त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनीं पंचेचाळीस भागांत छापले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाड्यांच्या मृत्यूनंतर. जर्मनींत रांके याला बर्लिन विद्यापीठांत पगाराची जागा होती आणि युरोपांतील दप्तरखाने त्याच्यापुढें उघडत गेले. पुढें प्रशियाच्या राजानें त्यास दरबारचा इतिहासकारहि नेमलें. राजवाड्यांच्या पदरीं एक वळकटी, स्वयंपाकाचीं चार भांडीं आणि पायांखालची वाट. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, जोशी, जहागीरदार अशा घराण्यांच्या माळ्यांवर आणि तळघरांत जें पडलें असेल तेंच त्यांचें दप्तर.

आणि तें मिळविणें म्हणजे परक्याच्या दारांत उभें राहणें. १८५२ नंतरच्या इनाम कमिशनची दहशत जुन्या घराण्यांतून अद्याप गेली नव्हती. कागद दाखविला तर जमीन जाईल, अशी भीति बापानें मुलाला शिकविलेली असे. कांहीं ठिकाणीं उलट प्रकार. मोडी कोणालाच वाचतां येईना, म्हणून रुमालचे रुमाल वाण्याकडे रद्दीच्या भावानें जात, किंवा वाळवीच्या स्वाधीन होत. अशा घरीं जाऊन मालकाची मर्जी संपादावयाची, त्याच्या आजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी शांतपणें ऐकावयाच्या आणि मग हळूच माळ्याची शिडी मागावयाची, हें काम गोड स्वभावाच्या माणसाचें. नियतीनें तें महाराष्ट्रांतील बहुधा सर्वांत तिखट जिभेच्या विद्वानावर सोंपविलें. त्यांनीं तें केलें, आणि वर्षानुवर्षें केलें, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. राजवाड्यांना माणसांशीं वागतां येतच नव्हतें, हा समज खरा नाहीं. कामासाठीं ते वाटेल तितका अपमान गिळीत. काम सोडून केवळ सहवासासाठीं कोणाचें कांहीं सोसणें मात्र त्यांना जमलें नाहीं.

त्याच क्षेत्रांत त्याच काळीं आणखी दोन थोर पुरुष काम करीत होते. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेंत संस्कृत शिकवीत, नाटकें लिहीत आणि उरलेल्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग छापीत. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी या दोघांशींहि गोडी राखली. त्यांच्या संग्रहासाठीं साताऱ्यास सरकारी इमारत उभी राहिली. शास्त्रीबोवांनीं दारिद्र्य पत्करून संसार सांभाळला, पारसनीसांनीं दरबार सांभाळला. राजवाड्यांनीं दोन्ही नाकारलें. त्यांचे खंड निघाले ते विष्णु गोविंद विजापूरकर यांच्यासारख्या संपादकांच्या आणि गांवोगांवच्या स्नेह्यांच्या आधारावर. आज तिघांचीहि कामगिरी एकाच फळीवर शेजारीं बसलेली दिसते. तेव्हां असामान्य काम करण्यासाठीं असामान्य हाल सोसलेच पाहिजेत असा सिद्धांत कोणी काढूं नये.

राजवाड्यांच्या एकटेपणाला त्यांच्या एका निश्चयानेंहि भर घातली. आपलें संशोधन ते मराठींतच लिहीत. इंग्रजी उत्तम येत असूनहि तींत ग्रंथ लिहावयाचा नाहीं, असा त्यांचा बाणा होता. न्यायमूर्ति रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० सालीं इंग्रजींत निघाला आणि तत्काळ कलकत्ता, लंडनपर्यंत वाचला गेला. राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचावयाच्या तर मराठी शिकावें लागे. ज्याला जगांतील विद्वानांशीं वाद घालावयाची हौस, त्यानें जगाला ऐकूं येणार नाहीं अशा भाषेंत बोलावें, यांत विरोध दिसतो खरा. परंतु त्यांचा हिशेब निराळा होता. उत्तम विचार परभाषेंत गेला तर घरची भाषा चाकरीपुरती उरते, हें त्यांनीं ओळखलें होतें, आणि त्याची किंमत त्यांनीं स्वतःच्या कीर्तीतून मोजली. मुंबई विद्यापीठाच्या एम्. ए. परीक्षेंत मराठीला जागा मिळाली तीच मुळीं रानड्यांच्या खटपटीनें, १९०१ च्या सुमारास. राजवाड्यांसारख्यास तेथें आसन मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

इतकें सगळें समाजाच्या खात्यावर मांडल्यावर राजवाड्यांच्या खात्यावरहि कांहीं मांडलें पाहिजे.

१९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचें व्याकरणहि लिहिलें. एकनाथमहाराजांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली. बीडकडे मिळालेली आपली पोथी त्याहून पुष्कळ जुनी आहे, असें राजवाड्यांचें म्हणणें. हा शोध खरा असेल तर मराठी भाषेच्या इतिहासाचा पायाच त्यानें घातला जाणार होता. साहजिकच विद्वानांनीं शंका काढल्या. पोथीचा काळ कशावरून ठरविला? तिचा लेखक कोण, हें कोणत्या आधारावर? शंका काढणें हा त्यांचा धर्मच होता. डफच्या बाबतींत राजवाड्यांनीं दुसरें काय केलें होतें? अशा वेळीं मूळ पोथी पुढें ठेवणें हें एकच उत्तर. तें उत्तर मिळालें नाहीं. ती पोथी पुढील अभ्यासकांना तपासावयास सांपडली नाहीं, आणि तिच्या नाशाविषयीं नाना आख्यायिका पसरल्या. शंकेखोरांवर संतापून राजवाड्यांनीं ती स्वतःच्या हातानें फाडली, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. ती खरी मानण्यास भक्कम पुरावा नाहीं. पण ती सर्वांना खरी वाटली, ही गोष्टच त्यांच्या स्वभावाविषयीं पुरेशी साक्ष देते. ज्यानें वाळवीच्या तोंडून हजारों कागद वांचविले त्याच्याच हातून सर्वांत मोलाचा ग्रंथ नाहींसा झाला, असें लोकांनीं निमूटपणें मानावें, हें केवढें दुर्दैव! राजवाड्यांचा पाठ मात्र टिकला. १९६० सालीं राज्य सरकारतर्फें ज्ञानेश्वरी छापली गेली ती त्यांच्याच प्रतीच्या आधारानें.

दुसरी गोष्ट संस्थेची. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्यानें राजवाड्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एकट्यानें केलेलें काम एकट्याबरोबर संपतें, हें त्यांना नीट कळत होतें. मंडळांत तरुण मंडळी जमली. दत्तो वामन पोतदारांसारखे पुढें नांवाजलेले विद्वान् तेथेंच घडले. निबंध वाचले जाऊं लागले, त्यांवर चर्चा झडूं लागली. पण मंडळ म्हटलें कीं सभा आल्या, ठराव आले, हिशेब आले, आणि दर वेळीं आपलेंच मत मान्य होईल अशी खात्री राहिली नाहीं. मेहेंदळ्यांसारख्यांनीं हा रोजचा संसार निमूटपणें ओढला. राजवाड्यांना तो ओढवेना. मतभेद वाढत गेले आणि शेवटीं ते मंडळापासून दूर झाले. येथें कोणा एकाला अपराधी ठरविण्याचें कारण नाहीं. वीस वर्षें ज्यानें स्वतःचाच हुकूम पाळला त्यास बहुमत म्हणजे काय हें साठीच्या घरांत शिकवूं पाहणें व्यर्थ होतें. आणि मंडळानें एका माणसाच्या लहरीवर चालावें अशी अपेक्षा करणेंहि अन्यायाचें होतें.

लोकांनीं मात्र सोपा मार्ग काढला. त्यांनीं राजवाड्यांना 'विक्षिप्त' म्हटलें. ते कसे चालतात, काय खातात, कोणाला काय टाकून बोलले, याच्या गोष्टी घरोघर रंगूं लागल्या. संतांवर आणि समाजाच्या दुबळेपणावर त्यांनीं जें तिखट लिहिलें त्यानें आगींत तेल पडलें. या कथा ज्यांना पाठ होत्या त्यांतील कितीजणांनीं एक तरी खंड उघडून पाहिला असेल? विक्षिप्त हा शब्द मोठा सोयीचा आहे. एकदां तो चिकटविला कीं त्या माणसाचें म्हणणें वाचण्याची जबाबदारी उरत नाहीं, आणि त्याच्या पोटाची चौकशीहि करावी लागत नाहीं. त्या शब्दाखालीं राजवाड्यांचे खरे दोषहि झांकले गेले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ति ओढूनताणून बसविलेल्या आहेत, गांवांच्या नांवांवरून काढलेलीं अनुमानें पुष्कळदां हवेंत लोंबकळतात. पण तीं तपासून खोडण्याचे श्रम त्यांच्या हयातींत थोड्यांनींच घेतले. ज्याच्याशीं बरोबरीनें भांडणारा कोणी नाहीं त्याची बुद्धि हळूहळू स्वतःशींच बोलूं लागते. शेवटच्या वर्षांतील लेखनांत हें जाणवतें.

पण कामाचा वेग शेवटपर्यंत मंदावला नाहीं. १९२२ मध्यें त्यांनीं जयराम पिंड्ये या कवीचा 'राधामाधवविलासचंपू' छापला आणि त्याच्या प्रस्तावनेंत शहाजीराजांचें चरित्र नव्यानें उभें केलें. १९२४ मध्यें बखर आली. विवाहसंस्थेच्या इतिहासाचीं प्रकरणें लिहून होत होतीं. त्यांतील मतांनीं सोंवळ्या वाचकांस हादरा बसला. याखेरीज मराठी क्रियापदांचीं मुळें शोधण्याचें प्रचंड काम चालूंच होतें.

अखेर ते धुळ्यास गेले. तेथें समर्थ वाङ्मयाचे उपासक शंकर श्रीकृष्ण देव आणि वकील भास्कर वामन भट यांच्यासारखे जुने स्नेही होते. ज्यांच्याशीं आयुष्यभर भांडण झालें नाहीं अशीं हीं थोडीं माणसें. त्यांचें रहस्य काय असावें? त्यांना राजवाड्यांकडून शिष्यत्वाचा लाभ नको होता कीं संस्थेची प्रतिष्ठा नको होती. एवढा मोठा माणूस आपल्या गांवीं स्वस्थपणें लिहीत बसावा इतकेंच हवें होतें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच राजवाड्यांचा अंत झाला. खरेशास्त्री १९२४ मध्येंच गेले होते आणि पारसनीस त्याच वर्षीं मार्च महिन्यांत. मराठ्यांच्या इतिहासाची ती सगळी पहिली पिढी अशी अडीच-तीन वर्षांत संपली.

मागें राहिले ते कागदांचे ढीग. पुढच्याच वर्षीं, १९२७ मध्यें, धुळ्याच्या मंडळींनीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ काढलें आणि ते कागद निवडावयास घेतले. एकट्यानें टिपलेल्या हजारों धातूंच्या नोंदी अनेकांनीं बसून लावल्या, तपासल्या, वर्णानुक्रमानें रचल्या. 'राजवाडे धातुकोश' १९३७ सालीं बाहेर पडला आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ सालीं. त्यांतील कित्येक व्युत्पत्ति पुढील भाषाशास्त्रज्ञांनीं निराळ्या रीतीनें सोडविल्या आहेत, कित्येक अद्याप त्यांच्याच नांवावर आहेत. राजवाड्यांनीं मिळविलेल्या कागदांचा माग काढणाऱ्यास आजहि पुण्याचें मंडळ आणि धुळ्याचें मंडळ अशीं दोन्ही दारें ठोठवावीं लागतात.